आठ की बी

नवा बोर्ड बसवून तेरा स्क्रू जागेवर गेले,
एक उरला.
एक नेहमीच उरतो, त्यांची मी बरणी ठेवलीय.
बटण दाबलं. पंखा फिरला.
काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली :
सिरियल नंबर भरलेला नाही.

सावद्यात मे महिना, दुपारचे साडेतीन,
पत्र्याखाली सोल्डरिंग बंद असूनही तापलेलं.
चेतना झांबरे स्टुलावर बसून म्हणाली,
"काट्याचा प्रोग्राम मले वयखतच नही, भो.
म्हणतो, हे मशीन माझं नही."
तिच्या वखारीपाशी तीन ट्रक उभे.
कापलेल्या घडांना काय सांगणार,
थांबा म्हणून?

मी सांगितलं : पडदा तोच, डिस्क तीच,
एन्टरचं बटण घासलंय तेही तेच.
पोटातला बोर्ड तेवढा बदलला,
आणि तो कोरा येतो, बारशाआधीच्या पोरासारखा.
नाव आपण घालायचं.
आणि एकदाच घालता येतं.
हो म्हटलं की आतून कुलूप.
मागे फैजपूरच्या एका मास्तरांच्या मशीनला
शून्याच्या जागी ओ घातला मी.
मशीन चालतंय अजून,
पण मास्तर रस्त्यात दिसले
की मी चष्मा पुसत बसतो.

लॅपटॉप उलटा केला. तळाच्या लेबलावर
केळीचा चीक, वाळून काळा.
चीक कशानं जात नाही,
सदऱ्यावरून नाही, नखातून नाही;
थिनर लावला तर चिकाआधी अक्षरं जातील.
भिंगातून वाचत गेलो :
पी, एफ, दोन, के, नऊ, टी,
आणि सातव्या जागी
आठ की बी?
दोन पोटं स्पष्ट होती.
पाठ सरळ की वाकलेली,
नेमका तिथे डाग.
जुना बोर्ड टेबलावर पडलेला,
परवाच्या झटक्यात वाचा गेलेला.

"बिल?"
"वाळवीनं खाल्लं." मग जरा थांबून,
"आप्पांची वही असंल."

उखर्डू आप्पा. वखारीचे दिवाणजी.
आधीची चार लेकरं गेली म्हणून आईनं
जन्मताच उकिरड्यावर ठेवलं
आणि दुसऱ्या कुणाचं म्हणून उचलून आणलं.
नाव पडलं ते पडलं.
मरणाला दिलेली ती हूल
एक्याऐंशी वर्षं पुरली,
गेल्या पौषापर्यंत.

स्कूटीवरून ती वही घेऊन आली, लाल कापडाची.
आत काट्याचा नंबर, पंख्याचा नंबर,
पंपाच्या मोटारीचा,
शिडीला कंपनीनं नंबर दिला नव्हता,
तो आप्पांनी स्वतः दिलेला.
आणि एकसष्टाव्या पानावर, शाईत :
ल्यापटाप, रंग करडा, मु. वखार,
पी एफ २ के ९ टी ८
आणि पुढचं सगळं, सुटं सुटं, ठळक.

८.
वखारीच्या उतरत्या छपरासारखा,
खाली मोकळा, पोट नसलेला.
बी असती तर त्यांनी
बी लिहिलं असतं.

तिनं वहीतून वाचलं, मी टाइप केलं.
मी पडद्यावरून वाचलं, तिनं बोट फिरवलं.
मग पुन्हा एकदा.
घाम पुसला आणि हो म्हटलं.

मशीन विझलं, उजळलं,
काट्याचा प्रोग्राम काही न विचारता उघडला,
कालची बेरीज जिथे अडली होती तिथेच
पट्टी लुकलुकत होती.

"हे आता जुनं धरायचं का नवं?"
मी पैसे मोजत होतो. ऐकलं नाही असं केलं.

जायच्या आधी माझाच पेन घेऊन
आप्पांच्या ओळीखाली तिनं लिहिलं :
बोर्ड बदलला. नंबर तोच.
तारीख घालताना हात थबकला,
इंग्रजी आठाची पहिली वेटोळी निघालीच होती;
ती खोडली,
आणि अठ्ठावीसमधला आठ
आप्पांसारखा काढला.
थोडा तिरका आला.